एक ते चार बेल वाजवू नये

दारासमोरची पिशवी घुमत होती.

माधवराव भानूंनी श्वास रोखून दारातल्या भिंगाला पुन्हा डोळा लावला. पिशवी जागची हलली नव्हती. काळी, पाठीवर लावायची, पोट फुगलेली, नेमकी त्यांच्या पायपुसण्यावर ठेवलेली. आणि आतून आवाज येत होता. बारीक, एकसुरी, मध्येच किंचित वर येऊन पुन्हा खाली बसणारा, डब्यात गांधीलमाशी अडकावी तसा. माधवरावांनी कान दाराला लावला, मग आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन ते झटकन मागे सरकले.

दारावर, बेलच्या बरोबर वर, त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. या घरात माणसे राहतात व ती झोपतात.’ निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती ठोकली होती. सुरुवातीला लोक हसले. मग एका कुरियरवाल्याने भर दुपारी बेल वाजवली, त्याला त्यांनी ती पाटी दोनदा मोठ्यांदा वाचायला लावली. तेव्हापासून कोणी हसलं नाही. गॅसवाला, पोस्टमन, गणपतीची वर्गणी मागणारे, अगदी मतं मागायला येणारेसुद्धा चारच्या पुढेच येऊ लागले.

त्यामुळे आज जिन्यात पावलं वाजली, दारापाशी थांबली आणि तशीच खाली उतरून गेली, तेव्हा माधवरावांची झोपमोड झाली ती न वाजलेल्या बेलमुळे. सरळ माणूस असता तर त्याने बेल वाजवली असती आणि बोलणी खाल्ली असती. हा गुपचूप पिशवी ठेवून गेला. म्हणजे त्याला आपण दिसायला नको होतो, किंवा आपण त्याला पाहायला नको होतं. दोन्हींचा अर्थ एकच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

कोरेगाव पार्कातल्या स्फोटाला तेव्हा दोन महिने झाले होते. तिथंही बेवारस पिशवीच होती, असं सगळ्या शहराच्या तोंडी होतं. मंडईत टोपलीखाली कोणी काही सरकवलं तरी बायका मागे वळून बघत. सहकारनगरातली अनुपम सोसायटी त्या स्फोटापासून चांगली लांब. पण घाबरायला अंतर लागत नाही, आणि माधवराव तर सोसायटीचे चिटणीस होते.

शिवाय संशय हा त्यांचा जुना व्यवसाय. उभी नोकरी त्यांनी एका विमा कंपनीच्या दावे विभागात काढली होती. कुणाचं दुकान जळलं, कुणाचा ट्रक उलटला, की कागद यांच्या टेबलावर यायचे, आणि आग लागली की लावली हे यांनी ठरवायचं. लोक टेबलासमोर रडायचे. माधवराव रडणं संपेपर्यंत थांबायचे आणि मग पुढचा प्रश्न विचारायचे. संशय घेण्याचा त्यांना पगार मिळायचा, आणि मिळणाऱ्या पगाराला जागणारा हा माणूस होता.

मार्चमध्ये सोसायटीच्या गच्चीवर त्यांनी पुढाकार घेऊन ‘दहशतवाद : अर्थ, कारणे व उपाय’ या विषयावर व्याख्यान ठेवलं. अध्यक्षस्थानी सोसायटीचे चेअरमन बापूराव जगदाळे, सूत्रसंचालन भानू, शेवटी बटाटेवडे. पाहुणे पोलिस खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. अर्थ त्यांनी चांगला समजावला. माणसं मारणं हे दहशतवाद्याचं निम्मंच काम, म्हणाले. उरलेल्यांना एकमेकांची भीती वाटायला लावणं हे खरं काम. कारणांपाशी मात्र गडबड झाली, कारण प्रत्येकाने आपापलं कारण घरून आणलं होतं. कोणी शेजारच्या देशाचं नाव घेतलं, कोणी गरिबीचं, कोणी मतांच्या राजकारणाचं. बापूरावांनी खराडी आणि हिंजवडीच्या कंपन्यांवर खापर फोडलं. बाहेरची पोरं आली, भाड्याने राहिली, कोण कुठला याचा पत्ता लागेना, असं त्यांचं म्हणणं. उपायांवर एकमत व्हायला वेळ लागला नाही. वर्गणी जमली की जिन्यात, वरच्या मजल्यावर कॅमेरा लावायचा आणि भाडेकरूंवर नजर ठेवायची. सोसायटीत भाडेकरू एकच होता.

तो म्हणजे धम्मदीप ओव्हाळ. माधवरावांच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. फ्लॅटचे मालक अमेरिकेत. खराडीला कुठल्याशा कंपनीत होता आणि अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करायचा, म्हणजे दुपारी जायचा आणि पहाटे यायचा. सुट्टीच्या दिवशी त्याच्या खिडकीतून कथील वितळल्याचा वास येई, आणि खोलीत वायरींची भेंडोळी दिसतात असं केर काढायला येणाऱ्या बाईने सांगितलं होतं. पहिल्याच भेटीत बापूरावांनी त्याला विचारलं होतं, ओव्हाळ म्हणजे नक्की कुठले? बोपोडीचे, तो म्हणाला. तसं नव्हे, मूळचे? मूळचेही बोपोडीचेच, म्हणाला. त्याच्या नावावरून आणि खोलीतल्या बाबासाहेबांच्या तसबिरीवरून बापूरावांना हवं ते कळलं होतंच. तरी विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

व्याख्यानाला तोही येऊन शेवटच्या खुर्चीवर बसला होता. कोणाला शंका असल्यास विचाराव्यात म्हटल्यावर त्याने हात वर केला. कॅमेरा माझ्याच दारासमोर का, एवढंच विचारलं. पाहुणे हसले, बापूराव खोकले आणि वडे गार होत असल्याचं माधवरावांनी जाहीर केलं. पण त्यांनी मनात खूणगाठ बांधली. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, तो कॅमेऱ्याची चौकशी कशाला करेल?

आता पिशवीकडे बघताना ती खूणगाठ त्यांना आठवली. अशीच काळी पिशवी पाठीला लावून तो रोज जिना उतरायचा.

त्यांनी मागच्या खोलीत जाऊन शंभर नंबर फिरवला. दार उघडू नका, दाराजवळ जाऊ नका, असं पलीकडून सांगण्यात आलं. मग त्यांना मंदाकिनी आठवली. बायको सकाळीच कात्रजला बहिणीकडे गेली होती, चहाच्या वेळेपर्यंत येणार होती. येईल, नेहमीसारखी पुटपुटत वाकेल आणि पायपुसण्यावरची पिशवी उचलेल, या विचाराने त्यांनी पुन्हा फोन उचलला. त्यांचं बायकोवर प्रेम होतं. ते दाखवायची वेळ कधी आली नव्हती इतकंच. त्यांनी तिच्या मोबाइलवर फोन लावला. तो फ्रिजवर वाजला. मग बहिणीच्या घरी लावला, तर ती नुकतीच निघाली असं कळलं.

पुढचं सगळं भराभर झालं. पोलिसांनी चौकातून रस्ता अडवला. अग्निशामक दलाची शिडी मागच्या गॅलरीला लागली आणि पहिल्या मजल्यावरून माधवराव भानू बनियन आणि पायजम्यात, बगलेत सोसायटीच्या फायली घेऊन खाली उतरले. समोरच्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. कोणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. बापूरावांनी त्यांना खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

मग एक तरुण पोलिस इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी सवयीने विचारलं, कुणावर संशय?

हा प्रश्न माधवरावांनी स्वतः शेकडो लोकांना विचारला होता. टेबलाच्या पलीकडे बसून त्याचं उत्तर देण्याची ही पहिलीच वेळ. ते दोन घोट पाणी प्यायले.

“वर एक मुलगा राहतो,” ते म्हणाले. “रात्रभर बाहेर असतो. खोलीत वायरींचं काहीतरी चाललेलं असतं.”

“नाव?”

माधवरावांनी नाव सांगितलं. कंपनीचंही सांगितलं, चिटणीस म्हणून त्यांना ते ठाऊक होतं. इन्स्पेक्टरांनी बाजूला होऊन फोन केला, आणि खराडीच्या दिशेने कुठूनतरी एक गाडी निघाली. पिशवी तोवर उघडलीही नव्हती.

बॉम्बशोधक पथकाने ती दोरीने ओढून खाली घेतली, मागच्या मोकळ्या मैदानात वाळूच्या पोत्यांमध्ये ठेवली आणि लांबून फोडली. फटाक्याएवढाच आवाज झाला. गच्चीवरच्या काहींची निराशा झाली असावी. पथकातला माणूस जाड पोशाखात चालत गेला, बराच वेळ वाकून बघत राहिला आणि मग त्याने हात हलवला. एका चादरीवर तुकडे मांडले गेले. जुना टॉवेल, तपकिरी रंगाच्या पेटीच्या फळ्या, गोल बटणं, बारीक तारा, एक हिरवी पट्टी.

मंदाकिनी रिक्षातून चौकात उतरली ती याच वेळी. हातात बहिणीने दिलेल्या कैऱ्या होत्या. पोलिसांनी अडवलं तर ती माझं घर आहे म्हणाली आणि सरळ पुढे आली. नवरा बनियनवर धडधाकट बसलेला पाहून तिने डोळे मिटून हात जोडले. मग तिची नजर चादरीवर गेली. ती तिथे खाली बसली आणि तिने त्यातलं एक बटण उचललं.

“हा माझा तंबोरा आहे,” ती म्हणाली.

ती महापालिकेच्या शाळेत गाणं शिकवायची. संधिवाताने बोटं आखडल्यावर खरा तंबोरा जुळवता येईना, म्हणून तिने ही विजेवर किंवा सेलवर चालणारी पेटी घेतली होती. रोज सकाळी, दूध यायच्या आत, काळी चारचा सूर लावून ती तासभर बसायची. गेल्या वर्षी पेटी बंद पडली. माधवरावांनी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात चौकशी केली, आता याचे भाग मिळत नाहीत असं कळलं, आणि एखादा दावा निकाली काढावा तसा त्यांनी तो विषय निकाली काढला. मंदाकिनीचं गाणं थांबलं. सुराच्या आधाराशिवाय तिला गाता येत नव्हतं, आणि नवऱ्याशी वाद घालून काही मिळतं यावरचा तिचा विश्वास फार पूर्वीच उडाला होता.

गाणं थांबल्याची दखल घेतली ती एकट्या धम्मदीपने. जिन्यात भेटल्यावर त्याने विचारलं होतं, काकू, हल्ली सकाळी ऐकू येत नाही? मी कामावरून यायचो आणि तुमचं ऐकत झोपायचो. तेव्हा तिने पेटीची हकिकत सांगितली, आणि एके दिवशी नवरा बँकेत गेला असताना भाजीच्या पिशवीत घालून ती त्याच्याकडे पोचवली. नवऱ्याला मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर व्याख्यानातले सगळे मुद्दे पुन्हा ऐकावे लागले असते.

तंबोरा म्हटल्यावर तिथे जमलेले सगळे हसले. सुटल्यासारखे, मोठ्याने हसले. इन्स्पेक्टरही हसले आणि काळजी घेतलेली बरी, म्हणाले. मंदाकिनी हसली नाही. पिशवी कोणी ठेवली हे तिच्या आता लक्षात आलं होतं. तो मुलगा कुठे आहे, असं तिने विचारलं. इन्स्पेक्टरांनी माधवरावांकडे पाहिलं. त्याला खराडीहून आणताहेत, ते म्हणाले. आता आणतोच आहोत तर चौकशी पूर्ण करावी लागेल. ती म्हणाली, अहो, पण ही माझी वस्तू आहे, मीच दिली होती. ते म्हणाले, हो हो, तेही लिहून घेऊ. संध्याकाळी एका वाहिनीवर खाली पट्टी सरकत होती : पुण्यात संशयित ताब्यात.

मंदाकिनीने रात्रीचा स्वयंपाक केला, ताटं वाढली आणि जेवताना एकच गोष्ट विचारली. आवाज कसा येत होता? माधवरावांनी जमेल तसा करून दाखवला. ओठ मिटून, नाकातून.

“तो माझा षड्ज,” ती म्हणाली. “इतकी वर्षं या घरात रोज सकाळी वाजायचा. तुम्हाला ओळखू आला नाही.”

माधवराव सकाळी आतल्या खोलीचं दार लावून पेपर वाचायचे. 

दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मदीपला सोडलं. तो कपडे न्यायला आला तेव्हा मंदाकिनी जिन्यातच थांबली होती. ती आदल्या दिवसापासून पावलांकडे कान लावून होती. मारलं का, असं तिने विचारलं. नाही, मारलं नाही, फक्त तेच तेच विचारत होते, तो म्हणाला. ऑफिसमध्ये सगळ्यांच्या समोरून नेलं. मॅनेजरचा फोन आला होता, थोडे दिवस ब्रेक घे म्हणून. नाइस माणूस आहे तसा, असंही तो म्हणाला. तिने त्याचा हात धरला तर तो थंडगार होता.

“काकू, मी बेल वाजवणार होतो,” तो म्हणाला. “पण पाटी होती ना. आणि खाली कॅब थांबलेली. म्हणून चालूच ठेवला. म्हटलं, काकू चारला दार उघडतील आणि त्यांना एकदम ऐकूच येईल.”

हे सगळं तिने घरात येऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. माधवरावांनी बचाव केला. माझ्या जागी कोणीही असता तर हेच केलं असतं, ते म्हणाले. वायरी, पेटी, घुमणारा आवाज. मी काय समजायचं? मंदाकिनीने ऐकून घेतलं.

“पिशवीचं ठीक आहे हो,” ती म्हणाली. “पिशवीला कोणीही घाबरेल. पण त्यांनी विचारलं कुणावर संशय, आणि तुम्ही त्याचं नाव दिलंत. तो जिना कसा उतरला, ठाऊक आहे? कपड्यांची पिशवी खांद्याला, कठड्याला हात न लावता, दोन्ही हात खिशात घालून, कशाला हात लागला तर कोणी जाब विचारेल अशा भीतीने. तुमच्या पाहुण्यांनी गच्चीवर अर्थ सांगितला होता ना, तो मी आत्ता जिन्यात पाहिला.”

रविवारी सोसायटीने माधवरावांचा सत्कार केला. सतर्क नागरिक म्हणून शाल आणि श्रीफळ. पिशवीत बॉम्ब नव्हता हा काही भानूंचा दोष नव्हे, असं बापूराव भाषणात म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मंदाकिनी डोकं दुखतंय म्हणून गेली नाही. शाल घेऊन माधवराव घरी आले तेव्हा ती गॅलरीत पाठमोरी उभी होती. त्यांनी शाल कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली. नारळ कित्येक दिवस ओट्यावर तसाच पडून होता. तिने तो फोडला नाही आणि त्यांना फोड म्हणायचा धीर झाला नाही.

त्यानंतर आणखी काही दिवसांनी, भर दुपारी, वरच्या फ्लॅटमध्ये सामान सरकवल्याचे आवाज आले. जिन्यातून कोणीतरी जड पावलांनी बऱ्याच खेपा घातल्या. माधवराव पलंगावर डोळे उघडे ठेवून पडले होते. मग आवाज थांबले. शेवटची पावलं दारापाशी आली आणि तिथून ती खालीही गेली नाहीत, वरही गेली नाहीत.

ते अनवाणी उठले आणि भिंगाला डोळा लावला.

समोरच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, घामाने अंगाला चिकटलेलं कापड. पायाशी एक कापडी पिशवी. माधवरावांनी आधी पिशवीच पाहिली, आणि आपण आधी पिशवी पाहिली हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्या माणसाच्या हातातली किल्ली दिसली. तिला निळी नाडी बांधलेली होती. वरच्या फ्लॅटची किल्ली.

कोण असावं हे त्यांना कळलं. कपाळ आणि भुवया अगदी त्या मुलाच्याच होत्या. त्यांचा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. दार उघडून म्हणायचं काय? माधवरावांना लाज वाटली. लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर वाटायची तशी, कानापर्यंत चढणारी लाज. म्हातारा पाटी वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि भिंतीला टेकून बसला. एप्रिलचं ऊन जिन्याच्या जाळीतून त्याच्या पायांवर येत होतं.

“कोण आहे हो?” आतून मंदाकिनीने विचारलं.

“कोणी नाही,” माधवराव हळूच म्हणाले.

ते तिथेच उभे राहिले. मध्ये एकदा जाऊन खुर्चीवर बसले, पण बसवेना, म्हणून परत आले. म्हातारा एकदा उठला, पाय मोकळे करून पुन्हा बसला. त्याने बेलकडे बघितलंही नाही. त्याने ती वाजवावी म्हणून माधवराव मनातल्या मनात वाट बघत होते. त्याने वाजवली असती तर रागवता आलं असतं, निदान दार तरी उघडता आलं असतं.

घड्याळात चार पडले. म्हातारा उठला, त्याने शर्ट सारखा केला आणि बेल एकदा वाजवली.

दार इतक्या लगेच उघडलं की तो थोडा दचकला.

“मी पोपट ओव्हाळ. धम्मदीपचा वडील,” तो म्हणाला. “किल्ली द्यायची होती. मालक म्हणाले, चिटणिसांकडे द्या.”

“आपण आधीच बेल वाजवायची होतीत,” माधवराव म्हणाले. म्हटल्यावर त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकवेना.

“पाटी आहे की,” पोपटराव म्हणाले. त्यात टोमणा असता तर माधवरावांना सोपं गेलं असतं. पण तो नव्हता.

माधवरावांनी किल्ली घेतली. पोपटरावांनी कापडी पिशवी पुढे केली. बाईंची वस्तू आहे, पोलिसांनी पोराकडे दिली, त्याच्यानं आता तिला हात लावायला होत नाही, असं त्यांनी सांगितलं. माधवराव पिशवी घेऊ लागले तर त्यांनी ती लगेच सोडली नाही.

“उघडून बघा. माझ्यासमोर.”

“त्याची काही गरज नाही.”

“बघाच,” पोपटराव म्हणाले. “आणि मिळाली म्हणून लिहून द्या, तारीख घालून. पोरगं नको म्हणत होतं, मीच म्हणतोय. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली मी, निवृत्त होईपर्यंत. रोज आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. कधी वाईट वाटलं नाही. सगळ्यांचीच व्हायची.”

माधवरावांनी पिशवी उघडली. फळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या, स्क्रूंची वेगळी पुडी बांधली होती. त्यांनी आतून कागद आणला आणि दाराच्या चौकटीवरच टेकवून लिहिला. वस्तू मिळाली, तक्रार नाही. हे शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून लिहून घेतले होते. अक्षर वाकडं आलं. पोपटरावांनी कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

एव्हाना मंदाकिनी बाहेर आली होती. माणूस कोण ते तिला बघताक्षणी कळलं असावं, कारण ती तशीच मागे फिरली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. आत या, बसा, ती म्हणाली.

“आहे पाणी माझ्याकडे,” पोपटराव म्हणाले आणि पायरीवर ठेवलेली बाटली उचलून त्यांनी दाखवली. मग तिच्याकडे बघून त्यांचा आवाज जरा खाली आला. “बाई, जयंतीच्या दिवशी आमच्या घरी वाजला होता हा. पोराने लावून दिला. मी नि त्याची आई ऐकत बसलो होतो. चांगला आवाज होता.”

ते जिना उतरून गेले. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मंदाकिनी भरलेला पेला घेऊन तिथेच उभी होती. पायरीवर घामाचा ओला ठसा उमटला होता, त्याच्याकडे ती बघत होती.

“केव्हापासून बसले होते ते?” तिने विचारलं.

“दुपारपासून.”

“आणि तुम्ही?”

खोटं बोलणारा माणूस उत्तराआधी कुठे बघतो, हे माधवरावांना चांगलं माहीत होतं. त्यांनी तिकडे बघितलं नाही.

“इथेच. दाराच्या आत.”

मंदाकिनी दाराकडे वळली. तिने पेला कोपऱ्यात ठेवला, कापडी पिशवी छातीशी धरली आणि ती आत गेली.

माधवराव बाहेर आले आणि पोपटराव बसले होते त्याच पायरीवर बसले. समोर त्यांचं दार, त्यांची पाटी आणि पाटीच्या शेजारी ते भिंग. इतकी वर्षं ते भिंग त्यांनी आतूनच वापरलं होतं. बाहेरून त्यात काहीच दिसत नव्हतं. आत माणूस झोपला आहे की उभा आहे, हे पायरीवर बसलेल्याला कळायला काही मार्ग नव्हता.